पाच मिनिटांचे नवल

श्रोतेहो, आपण जेथे बसला आहात तेथेच एक लहानसा प्रयोग करून पाहा. उजव्या हाताचे एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा. आता डावा डोळा मिटून उजव्याने त्या बोटाकडे पाहा. मग उजवा मिटा आणि डावा उघडा. बोट जागचे हललेले नाही, तरी मागच्या भिंतीवरील दिनदर्शिकेपुढून ते टुणकन उडी मारून दुसऱ्या बाजूस गेलेले दिसते. आपल्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे अडीच इंचांचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळा जगाचे चित्र किंचित निराळ्या कोनातून टिपतो, आणि मेंदू त्या दोन चित्रांचा मेळ घालून हे जवळ आणि ते दूर असे आपणास सांगतो. हे काम तो इतके मुकाट्याने करीत असतो की, पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. आज ज्या खेळयंत्राविषयी मी बोलणार आहे त्याचे सारे नवल, आणि ते विकणाऱ्यांचा बराचसा मनस्ताप, या अडीच इंचांत सामावलेला आहे.

हे यंत्र म्हणजे जपानच्या निंटेंडो कंपनीचे 'थ्रीडीएस'. हातात धरून खेळावयाचे, खिशात मावणारे, व्हिडिओ गेमचे यंत्र. ते बाजारात आले २०११ साली; परंतु लोकांच्या हाती ते प्रथम पडले त्याच्या आठ महिने आधी, १५ जून २०१० रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी. तेथे दरवर्षी व्हिडिओ गेमच्या धंद्याचे एक मोठे प्रदर्शन भरत असे; त्यास 'ई-थ्री' म्हणत. त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर यंत्र उंच धरून दाखविले खरे, परंतु सभागृहात बसलेल्यांना त्यातले मर्म काही दिसेना. दिसणार तरी कसे? या यंत्राच्या पडद्यावर चष्म्यावाचून खोली दिसते, असा दावा होता. ती खोली मोठ्या पडद्यावर दाखविता येत नव्हती, दूरचित्रवाणीवर दाखविता येत नव्हती, वर्तमानपत्रातील छायाचित्रात तर मुळीच नाही. ती पाहावयाची तर यंत्र स्वतःच्या हाती घेऊन, स्वतःच्या डोळ्यांपुढे धरणे एवढाच मार्ग होता.

मग भाषण संपताच एक मौजेचा देखावा झाला. अनेक तरुणी सभागृहात शिरल्या. प्रत्येकीच्या कमरेला दोरीने एकेक यंत्र बांधलेले होते. पत्रकारांनी त्यांच्याभोवती गर्दी करावी, आळीपाळीने यंत्र हाती धरावे, चार-पाच मिनिटे पाहावे आणि पुढच्यास द्यावे. नंतर प्रदर्शनाच्या दालनात याच यंत्रासाठी लांबच लांब रांगा लागल्या. तिथल्या नमुन्यांपैकी बरेचसे खेळण्यासाठी नव्हतेच, ते केवळ पाहण्यासाठी होते. कोठे एक चलच्चित्र, कोठे जंगलातील एक दृश्य, आणि त्यात आपण फार तर आपला दृष्टिकोन इकडेतिकडे फिरवावयाचा. 'हाती घेऊन पाहिले' असे जे वृत्तान्त त्या आठवड्यात जगभर प्रसिद्ध झाले, त्यांत हाताचा भाग थोडा व डोळ्यांचा फार होता, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी लक्षात ठेवावयास हवी.

त्या वृत्तान्तांत सर्वांचे एकमत होते ते एका बाबतीत. चित्र पडद्यातून बाहेर उडी मारीत नव्हते, ते आत उतरत होते. चित्रपटगृहात रंगीत चष्मा लावून पाहिलेल्या चित्रपटात भाला थेट आपल्या नाकावर येतो. 'छोटा चेतन' पाहताना हात पुढे करून काही पकडू पाहणारे प्रेक्षक आपणांपैकी अनेकांना आठवत असतील. इथे तसे नव्हते. साडेतीन इंचांच्या त्या पडद्याची जणू खिडकी झाली होती आणि खिडकीपलीकडे एक छोटेसे जग मांडलेले होते. काचेच्या पेटीत मासे पाळलेले असावेत आणि आपण तिच्यापाशी वाकून पाहावे, तसे. मात्र डोके जरा डावीउजवीकडे कलले की खिडकी मोडे, एकाची दोन चित्रे दिसत आणि डोळे चुरचुरत. यंत्र तोंडासमोर, फूटभर अंतरावर, सरळ धरणे भाग होते. पडद्याच्या उजव्या कडेस एक सरकते बटण होते. ते वर सारले की खोली वाढे, खाली ओढले की कमी होई, अगदी तळाशी नेले की चित्र साधे, सपाट होई.

बाकी यंत्राचे अंग सांगावयाचे तर ते डबीसारखे मिटणारे होते. वर एक पडदा, खाली बोटाने वा लेखणीने स्पर्श करावयाचा दुसरा पडदा, डाव्या अंगठ्याखाली चारी दिशांना घसरणारी एक गोल चकती. ही चकती, माझ्या मते, त्या यंत्रातील सर्वांत उपयुक्त भर होती. पण जून २०१० मध्ये तिच्याविषयी दोन ओळींपलीकडे कोण लिहिणार? वजन २३५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने जवळजवळ पावशेर.

आता ही खिडकी कशी उघडत होती ते पाहू. दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दाखविली तर मेंदू फसतो आणि सपाट कागदावर खोली पाहतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली सिद्ध केले. त्याने त्यासाठी आरशांचे एक उपकरण केले होते. पुढे दुर्बिणीसारखी डोळ्यांस लावून पाहावयाची जोडचित्रे घरोघर गेली. अडचण एकच होती. डाव्याचे चित्र डाव्यालाच आणि उजव्याचे उजव्यालाच पोचावे यासाठी डोळ्यांपुढे काहीतरी धरावे लागे, मग ते भिंग असो, आरसा असो वा चष्मा असो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक आइव्ह्‌ज या अमेरिकन संशोधकाने हा पहारा डोळ्यांपुढून काढून चित्रापुढे नेला.

ते कसे, हे जुन्या घराच्या उभ्या गजांच्या खिडकीत बसून उत्तम समजते. गजांआडून समोरच्या भिंतीकडे एका डोळ्याने पाहा. गज भिंतीचे काही उभे पट्टे झाकतात, काही उघडे ठेवतात. आता दुसऱ्या डोळ्याने पाहा. मघाशी झाकलेले काही पट्टे उघडे पडतात आणि उघडे होते ते झाकले जातात. समजा, त्या भिंतीवर आपण अशी रंगरंगोटी केली की डाव्या डोळ्यास दिसणाऱ्या पट्ट्यांत एक चित्र आणि उजव्या डोळ्यास दिसणाऱ्या पट्ट्यांत दुसरे. मग चष्मा नको, काही नको. गजच वाटणी करतील. थ्रीडीएसच्या वरच्या पडद्यात नेमके हेच केलेले होते. त्या पडद्यावर आडव्या ओळीत ८०० ठिपके होते. त्यांतील ४०० डाव्या डोळ्याच्या वाट्याचे, ४०० उजव्याच्या. गजांचे काम करावयास द्रव-स्फटिकाचा एक पातळ थर होता. विजेच्या इशाऱ्यावर त्यात सूक्ष्म काळ्या रेघा उमटत, आणि सरकते बटण तळाशी नेले की रेघा नाहीशा होऊन थर काचेसारखा स्वच्छ होई. जत्रेत मिळणारी, तिरपी धरली की देव बदलणारी खरबरीत चित्रे आपण पाहिली असतील. ती याच कुळातील, फक्त तेथे गजांऐवजी बारीक भिंगांच्या रेघा असतात.

युक्ती सुंदर खरी, पण फुकटची नव्हे. गजांआडून पाहताना आपण जागा सोडली तर वाटणी चुकते. म्हणून डोके कलल्याबरोबर चित्र दुभंगे. गजांमुळे बराचसा प्रकाश अडतो. तो भरून काढण्यासाठी मागचा दिवा अधिक प्रखर करावा लागे, आणि दिवा प्रखर झाला की बॅटरी लवकर संपे. तिसरी गोष्ट डोळ्यांच्या श्रमाची. जवळचे पाहताना आपले दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंगही जवळच्या अंतरास जुळते. ही दोन कामे जन्मापासून जोडीने चालत आलेली आहेत. इथे मात्र मेंदूला वस्तू दूर वाटते, डोळे दूरच्यासारखे वळतात, आणि भिंगाला मात्र फूटभरावरील पडद्यालाच जुळून राहावे लागते. बैलजोडीतील एक बैल पुढे आणि दुसरा जागच्या जागी, अशी ही अवस्था. काहींना ती जाणवतही नाही, काहींचे डोके अर्ध्या तासात दुखू लागते.

आता विचार करा, यांपैकी काय पाच मिनिटांत कळेल? पाच मिनिटांत डोके दुखत नाही. पाच मिनिटांत बॅटरी संपत नाही. पाच मिनिटांत खेळाचा कंटाळाही येत नाही, आणि ज्याच्यामागे शंभर माणसे रांगेत ताटकळत उभी आहेत तो तर तेवढा वेळही मिळाला म्हणून धन्यता मानतो. जे कळावयाचे ते सर्व नवल, आणि ते अस्सल होते. त्यात खोटे काही नव्हते. परंतु वस्तू विकत घेणारा ती पाच मिनिटे वापरीत नाही.

बॅटरीचा हिशोब सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०११ या काळात हळूहळू उघड झाला. नव्या खेळांसाठी ३ ते ५ तास. याच कंपनीचे आधीचे 'डीएस लाइट' हे यंत्र पडदा मंद ठेवल्यास १५ ते १९ तास चाले, असे कंपनीच सांगत असे. वास्तविक या धड्याचे पहिले पुस्तक याच कंपनीने लिहिले होते. १९८९ साली तिने 'गेम बॉय' काढला. त्याचा पडदा रंगहीन, हिरवट, उन्हाकडे धरल्यावाचून धड दिसत नसे. समोर प्रतिस्पर्ध्यांची रंगीत, उजळ यंत्रे होती. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर गेम बॉयकडे कोणी वळूनही पाहिले नसते. पण रंगीत यंत्रे सहा सेल काही तासांत फस्त करीत, आणि गेम बॉय चार सेलांवर कित्येक दिवस चाले. पहिल्या नजरेत हरलेले ते यंत्र बाजारात जिंकले. त्याचे जनक गुनपेई योकोई यांनीच पुढे १९९५ साली 'व्हर्च्युअल बॉय' नावाचे खोली दाखविणारे यंत्र केले. ते तोंड खुपसून पाहावयाचे होते, लाल आणि काळ्या रंगातले, आणि एका वर्षाच्या आत ते बाजारातून उठले. म्हणजे दोन्ही दृष्टान्त घरचेच होते.

किंमत जाहीर झाली ती २९ सप्टेंबर २०१० रोजी, २५,००० येन. अमेरिकेत पुढे २५० डॉलरला एक सेंट कमी. हातातील खेळण्याला ही किंमत जड होती. ती ठरविताना जूनमधील प्रदर्शनात लोकांनी दिलेली दाद हेही एक कारण होते, असे कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनी नंतर सांगितले. म्हणजे रांगेतील त्या पाच मिनिटांवरून शेकडो रुपयांचा फरक ठरला!

जानेवारी २०११ मध्ये, ८ ते १० तारखांस, जपानमध्ये चिबा येथील माकुहारी मेस्से या प्रदर्शनगृहात सर्वसामान्य लोकांना यंत्र हाताळावयास मिळाले. तत्पूर्वी थोडेच दिवस कंपनीने एक सूचना काढली होती की, सहा वर्षांच्या आतील मुलांना खोलीचे चित्र दाखवू नये, त्यांची दृष्टी अजून घडत असते. आणि पालकांना ते चित्र कुलूपबंद करण्याची सोय यंत्रातच दिली होती. ही सूचना वाचून अनेक घरांत भीती पसरली. अमेरिकेतील दृष्टितपासनिसांच्या संघटनेने मात्र तेव्हा निराळाच मुद्दा मांडला. ज्या मुलाला या पडद्यावर खोली दिसतच नाही, त्याला डोळे तपासावयास अवश्य न्या, कारण दोष यंत्रात नसून दृष्टीत असण्याचा संभव आहे.

तो मुद्दा मी वेळेवर वाचला असता तर बरे झाले असते.

त्या वर्षी मी इयत्ता पाचवीच्या वर्गावर होते. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका मुलाच्या वडिलांनी दुबईहून हे यंत्र आणले होते आणि शेवटच्या तासाला, माझी परवानगी काढून, त्याने ते वर्गात दाखविले. शिक्षकाने मुलांच्या हातातील खेळ काढून घ्यावयाचा असतो. मी त्या दिवशी स्वतःच रांग लावून दिली. लॉस एंजेलिसमधलीच रांग, फक्त बाके लाकडी. एकेक मूल डोळे विस्फारून "आत आहे, आत आहे!" असे ओरडत होते. एकजण मात्र यंत्र हाती धरून गप्प उभा राहिला. "बाई, यात आत काही नाही," तो म्हणाला. मुले हसली. मी बटण पूर्ण वर सारून दिले. "नीट बघ, सरळ धर." त्याने पुन्हा पाहिले. "साधेच चित्र आहे, बाई." मला वाटले, हा मुद्दाम वेगळेपणा करतो आहे. त्याचा स्वभाव थोडा हट्टी होताच. मी त्याला रागावले आणि यंत्र पुढच्याच्या हाती दिले.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या आईने त्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेही डोकेदुखीच्या निमित्ताने. त्याचा डावा डोळा लहानपणापासून मंद होता. मेंदूने त्या डोळ्याकडे लक्ष देणेच सोडून दिले होते. हा दोष आम्हां शिक्षकांच्या नजरेस सहसा पडत नाही, कारण असे मूल उजव्या डोळ्याने फळा व्यवस्थित वाचते, वहीही स्वच्छ लिहिते. आम्ही फळ्यावरील अक्षर विचारतो ते दोन्ही डोळे उघडे ठेवूनच. खेळाच्या तासाला त्याच्या हातून झेल सुटत, पण झेल कोणाचे सुटत नाहीत? डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावयास सांगितली. हा उपचार जितक्या लहान वयात तितका गुणकारी असतो; त्याला दहा वर्षे पुरी झाली होती. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. जुलैत त्याचे खरे मानले असते तर चार महिने वाचले असते, याची टोचणी मला अजून आहे. तेव्हापासून जूनमध्ये प्रत्येक मुलाला मी एकेक डोळा तळहाताने झाकून फळा वाचावयास लावते. त्यास यंत्र लागत नाही.

असो. बाजारात यंत्राचे काय झाले ते सांगते. २६ फेब्रुवारी २०११ रोजी ते जपानमध्ये आणि २७ मार्च रोजी अमेरिकेत विक्रीस आले. मार्चअखेर ४० लाख यंत्रे दुकानांत पाठविण्याचा कंपनीचा बेत होता, गेली ३६ लाख १० हजार. आणि एप्रिल ते जून या पुढच्या संपूर्ण तिमाहीत जगभर मिळून खपली अवघी ७ लाख १० हजार. पहिल्या दिवशी मारिओचा एकही नवा खेळ सोबत नव्हता. लोक नवल पाहून यंत्र घरी नेत, आणि घरी नेल्यावर विचारीत की आता यावर खेळावयाचे काय? २८ जुलै रोजी कंपनीने किंमत उतरविल्याचे जाहीर केले. ऑगस्टपासून जपानमध्ये २५,००० चे १५,००० येन, अमेरिकेत २५० चे १७० डॉलर. नव्या वस्तूची किंमत सहा महिन्यांच्या आत इतकी खाली आणणे ही नामुष्कीच होती. आधी पूर्ण पैसे मोजलेल्या ग्राहकांना २० जुने खेळ फुकट देण्यात आले, आणि इवातांनी स्वतःचा पगार निम्म्याने कमी करून घेतला. चुकीचे मोल स्वतःच्या खिशातून देणारे अध्यक्ष थोडे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

त्यानंतर वर्षअखेरीस मारिओचे दोन मोठे खेळ आले आणि यंत्राने उभारी धरली. त्या खेळांत खोली होती, तिचा उपयोगही होता. पण मुले खेळत ती खेळासाठी. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक यंत्रांवर ते सरकते बटण काही महिन्यांत तळाशी जाऊन बसलेले असे. बॅटरी अधिक टिके, डोळ्यांना आराम पडे, आणि कडेवर पडून खेळताना चित्र दुभंगत नसे. ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीने 'टूडीएस' काढले. खेळ तेच, चकती तीच, किंमत कमी, आणि गजांची खिडकी मुळीच नाही. ज्या एका गोष्टीसाठी रांगा लागल्या होत्या तीच काढून टाकून ते यंत्र लहान मुलांसाठी म्हणून विकले गेले. पुढे २०१४ मध्ये पाहणाऱ्याच्या चेहऱ्याचा मागोवा घेऊन गज त्याप्रमाणे सरकविणारी सुधारित आवृत्तीही आली. ती खरोखर उत्तम होती, पण तोवर लोकांचे कुतूहल सरले होते. २०२० च्या सप्टेंबरात उत्पादन थांबले. एकूण सुमारे ७ कोटी ५९ लाख यंत्रे खपली. आधीच्या डीएसची १५ कोटी ४० लाख खपली होती.

एप्रिल २०२५ मध्ये याच कंपनीचे 'स्विच २' हे यंत्र विक्रीपूर्वी न्यूयॉर्क आदी शहरांत लोकांच्या हाती देण्यात आले, तेव्हा मी ते वृत्तान्त आवडीने वाचले. पडदा ७.९ इंचांचा झाला, बाजूच्या मुठी चुंबकाने चटकन चिकटतात, मूठ टेबलावर आडवी सरकवून संगणकाच्या माउससारखी वापरता येते, असे पुष्कळ लिहिलेले होते, आणि ते सर्व पाच मिनिटांत कळण्याजोगे होते. मी शोधीत होते ती बॅटरीची ओळ. ती कंपनीच्या तक्त्यात खाली, बारीक अक्षरांत होती. सुमारे २ ते साडेसहा तास, खेळाप्रमाणे.